बरं नाही वाटून राह्यलं : विदर्भातल्या खेड्यातले आजाराचे शब्द, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्याने रुजू झालेले डॉक्टर, बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या सिस्टर, गावातल्या आशाताई आणि पुण्या-मुंबईत नोकरीला असलेली, फोनवरून आईबापाचं दुखणं समजून घेणारी मुलं असे सगळे हे प्रश्न विचारतात. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. आजारी माणसाने आपला शब्द बदलायची गरज नाही. "म्हणजे नेमकं काय होते?" हे विचारायची जबाबदारी ऐकणाऱ्याची आहे. बुलढाणा-अकोल्याकडची वऱ्हाडी आणि भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडची झाडीबोली वेगळी आहे, त्यामुळे खालचे काही शब्द तुमच्या तालुक्यात थोडे निराळे ऐकू येतील.

आजार, रोग, बिमारी, दुखणं हे सगळं एकच ना?

नाही. खेड्यात सर्वात जास्त चालतो तो 'बिमार'. "बुडा बिमार हाय", "पोट्टं बिमार पडलं". १९५६ पर्यंत हा मुलूख मध्य प्रदेशात होता आणि नागपूर त्याची राजधानी. हिंदीची ये-जा इथे जुनी आहे. 'बिमार' हा शब्द अशुद्ध म्हणून कोणाला हटकू नका, तो इथला आहे.

'रोग' हा शब्द शेतात फिरतो. कपाशीवर रोग येतो, तुरीवर मर रोग पडतो, ढोरांना रोग लागतो. माणसाला मात्र 'रोग' म्हटलं की लागतं. "काय रोग आला तुले?" ही चक्क शिवी आहे. म्हणून डॉक्टरांनी तपासणीच्या टेबलावर "तुम्हाला अमुक रोग आहे" म्हणण्याऐवजी "अमुक त्रास आहे" किंवा "अमुक बिमारी आहे" म्हणावं. समोरचा माणूस पुढचं नीट ऐकतो.

'दुखणं' म्हणजे जुनं, सोबत राहिलेलं. "माह्यं दुखणं जुनं हाय" असं एखादी आजी म्हणाली तर ती आज त्यासाठी आलेली नसू शकते. आज काय नवीन झालं ते वेगळं विचारा. 'आजार' बातमीत आणि फलकावर असतो, 'विकार' दवाखान्याच्या पाटीवर. 'व्याधी' कीर्तनाबाहेर फारसा ऐकू येत नाही.

"जीव घाबरून राह्यला" म्हणजे भीती वाटते का?

बहुतेक वेळा नाही, आणि याच वाक्याने सर्वात जास्त घात होतो. छातीत धडधड, दम न पुरणं, शुगर उतरणं, ऊन लागणं, अंगात रक्त कमी असणं, मनावरचा ताण आणि हृदयविकाराचा झटका, हे सगळं आपल्याकडे याच तीन शब्दांत सांगितलं जातं. ऐकणारा 'घाबरणं' एवढंच ऐकतो आणि धीर देऊन घरी पाठवतो.

वेचणीच्या दिवसांत उपकेंद्रात झालेलं हे बोलणं पाहा.

"काय होऊन राह्यलं, माय?"
"काई नाही व बाई. जीव घाबरून राह्यला नुसता."
"कवापासून?"
"सकाळी भाकरी टाकत होती, तवापासून."
"घाम आला काय?"
"आला ना. लुगडं ओलं झालं सारं."
"छातीत दुखते?"
"दुखत नाही. जड जड लागते. गॅस असन."

सिस्टर त्या "लुगडं ओलं झालं" या वाक्यावर थांबली, बाईला चालू दिलं नाही आणि गाडी बोलावली. बाईला झटका आला होता. बायकांमध्ये, म्हाताऱ्या माणसांमध्ये आणि शुगर असलेल्यांमध्ये झटका पुष्कळदा छातीत न दुखता येतो. मळमळ, थंड घाम, जबड्यात किंवा हातात ओढ, एकाएकी आलेला थकवा एवढंच दिसतं. 'गॅस' हा शब्द रोग्याने उच्चारला म्हणून आपण तो मान्य करायचा नाही. घाम आणि जडपणा असेल तर ईसीजी काढल्याशिवाय गॅसची गोळी देऊन घरी पाठवू नये, या मताचा मी आहे आणि त्यावर ठाम आहे.

एप्रिल-मे मध्ये हेच वाक्य आलं तर आधी विचारा, उन्हात होते का. चंद्रपूर, अकोला, नागपूर इथे पारा ४५ च्या वर जातो. "लू लागली", "ऊन लागलं" असं लोक म्हणतात. अंग तापलेलं आहे आणि माणूस असंबद्ध बोलतो आहे, तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि दवाखान्यात न्या. खिशातला कांदा आणि कैरीचं पन्हं ही आपली जुनी रीत आहे. पन्ह्याने अंगात पाणी-मीठ जातं, ते चांगलंच. पण शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात काहीही ओतू नका.

कणकण, कसकस, हिव, हुडहुडी यात फरक आहे का?

आहे आणि तो उपयोगाचा आहे. 'कणकण' म्हणजे हाताला न लागणारा, आतला ताप. 'कसकस' म्हणजे अंग मोडून येणं. 'हिव भरलं' किंवा 'हुडहुडी भरली' म्हणजे दात वाजेपर्यंत थंडी, त्यावर दोन गोधड्या आणि मग घाम. हा शेवटचा क्रम सांगितला की हिवतापाचा विचार झालाच पाहिजे, विशेषतः गडचिरोलीतल्या धानोरा, एटापल्ली, भामरागड या भागात. सरकारी भाषेतला 'हिवताप' म्हणजेच मलेरिया. लोक मलेरियाच म्हणतात, तोही शब्द बरोबर. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन तपासणी होते. मलेरियाच्या दोन जाती इथे दिसतात. फॅल्सिपेरम निघाला तर ३ दिवसांच्या गोळ्या. व्हायव्हॅक्स निघाला तर आणखी १४ दिवस प्रायमाक्विन, कारण त्याचे जंतू यकृतात दडून राहतात. ताप उतरला की "आराम पडला" म्हणून गोळ्या सोडल्या जातात आणि महिनाभराने पुन्हा हिव भरतं.

'मुदतीचा ताप' म्हणजे टायफाईड. पावसाळा सरता सरता ताप आला, माणूस गवतात-बांधावर काम करणारा असला आणि काखेत, जांघेत किंवा कमरेच्या नाडीखाली काळी खपली दिसली तर स्क्रब टायफस, म्हणजे बारीक किडा चावून येणारा ताप, आठवा. २०१८ मध्ये नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत त्याची साथ आली होती. त्या खपलीला गावात वेगळं नाव नाही, "काही चावलं असन" म्हणतात. खपली दुखत नाही, म्हणून रोगी ती सांगत नाही. कपडे सरकवून पाहावी लागते.

"पेशी कमी झाल्या" म्हणजे कोणत्या?

डेंगूच्या दिवसांत गावोगाव हे वाक्य असतं. लोकांना सांगायच्या असतात त्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बिंबिका. पण तोंडी येतं "पांढऱ्या पेशी". पांढऱ्या पेशी निराळ्या. रिपोर्टचा कागद मागून वाचा, तोंडी आकड्यावर जाऊ नका. आणि नुसत्या आकड्याने घाबरू नका. पोटात सतत दुखणं, वारंवार ओकाऱ्या, हिरड्यांतून रक्त, काळी संडास, हातपाय गार पडणं ही डेंगूतली धोक्याची लक्षणं आहेत. ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवस सर्वात जपायचे असतात.

लेकराचं "पोट उडते", "डबा झाला" असं माय सांगते. कुठल्या पोटाचं औषध द्यायचं?

पोटाचं नाही, हा छातीचा आजार आहे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो, पोट वरखाली होतं, त्यालाच माय "पोट उडते" म्हणते. 'डबा' हे लेकरांच्या न्यूमोनियाचं जुनं नाव. मायने पाहिलेलं अगदी खरं असतं, नाव तेवढं वेगळं.

लेकरू शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त श्वास असतील तर न्यूमोनिया समजून लगेच हालचाल करा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. तिथल्या कामातून हे दिसून आलं की थोडंसं प्रशिक्षण मिळालेली गावातली माणसंही न्यूमोनिया ओळखून औषध देऊ शकतात आणि लेकरं वाचतात. मोजता न येणाऱ्या दाईंसाठी त्यांनी मण्यांचं श्वासमापक बनवलं. दाईच्या अडाणीपणावर बोट न ठेवता तिच्या हाताला जमेल असं साधन दिलं, यातून मी पुष्कळ शिकलो.

मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापलेल्या विळ्याने डागतात, त्याला 'डंबा' म्हणतात. डबा आणि डंबा यात गल्लत करू नका. पोटावर डाग दिसले तर मायवर ओरडू नका, ती लेकरासाठीच डागणाऱ्याकडे गेली होती. डाग भरून येतील याची काळजी घ्या, पोट का फुगलं ते शोधा, आणि पुढच्या वेळी आधी आपल्याकडे यावं असं तिला वाटेल असं वागा.

"पान लागलं" म्हणजे काय?

साप चावला. रात्री सापाचं नाव घेऊ नये अशी समजूत आहे, म्हणून 'पान लागलं' किंवा 'जनावर लागलं'. नव्या डॉक्टरला हे ठाऊक नसेल तर मौल्यवान मिनिटं जातात.

मण्यार चावल्याचं कळतच नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे उठतो आणि म्हणतो, "पोट लय दुखून राह्यलं, गिळता येत नाही." पापण्या जड होतात. अंगावर खूण सापडत नाही. पावसाळ्यात पहाटेची अशी पोटदुखी आली की रात्री कुठे झोपला होता ते विचारा. घट्ट बांधू नका, कापू नका, चोखू नका. हात किंवा पाय न हलवता ठेवा आणि सापाचं औषध असलेल्या दवाखान्यात न्या. वाटेत कोणी मांत्रिकाचं नाव काढलं तर वाद घालत बसू नका. "आधी सुई घेऊ, मग जाऊ" एवढं म्हणा. गाडी पुढे निघते.

"औषध घेतलं" ऐकलं की लोक गप्प का होतात?

कारण आपल्याकडे आजाराची ती 'दवाई' किंवा 'गोळी', आणि 'औषध' म्हणजे पुष्कळदा शेतातलं, कपाशीवर मारायचं. "त्याने औषध घेतलं" याचा अर्थ त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला असा असू शकतो. घरचे हे हळू आवाजात, अर्धवट सांगतात. त्यांना बदनामीची आणि पोलिसांची धास्ती असते. म्हणून स्पष्ट आणि मायेने विचारा, "दवाखान्याचं की फवारणीचं?" डबा किंवा त्यावरचं लेबल सोबत आणायला सांगा, उपचार त्यावर ठरतात. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरलं जातं आणि त्याला शिक्षा होत नाही, हे घरच्यांना सांगा. मनावर असं ओझं असलेल्या कोणालाही १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर दिवसरात्र फुकट बोलता येतं.

"फवारणी चढली" हे वेगळं. ते काम करताना झालेलं असतं: अंधारी, लाळ, मळमळ, डोळ्यांची आग. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात अशा विषबाधेने २० हून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. कपडे काढा, साबणाने अंग धुवा, दवाखाना गाठा. "झोपला की उतरते" हे चुकीचं आहे.

माता आली असेल तर दवाखान्यात नेऊ नये म्हणतात. काय करावं?

'माता' हा शब्द आता गोवर आणि कांजण्या दोन्हींसाठी येतो. ज्या देवीच्या आजारावरून ही सारी रीत आली तो जगातून गेला. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० मध्ये तसं जाहीर केलं. कडुनिंबाचा पाला ठेवा, घरात फोडणी देऊ नका, ज्याची जी श्रद्धा आहे ती पाळा. त्याने नुकसान नाही. पण गोवरात न्यूमोनिया होतो, डोळे जातात. लेकराला 'अ' जीवनसत्त्वाचा डोस मिळायलाच हवा. लस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी १६ ते २४ महिन्यांत. "मातेचा मान ठेवू, डोसही देऊ" असं म्हणणारी आशाताई घरात शिरू शकते. हसणारा दारातूनच परत येतो.

कोड, कोढ, महारोग, कुष्ठरोग: कोणता शब्द वापरायचा?

इथे चुकलं तर एखाद्या मुलीचं लग्न मोडतं. मराठीत 'कोड' म्हणजे अंगावर पडणारे पांढरेशुभ्र डाग. ते लागट नाहीत, त्यांचा कुष्ठरोगाशी संबंध नाही. हिंदीत 'कोढ' म्हणजे कुष्ठरोग. आपल्याकडे दोन्ही भाषा कानावर असल्याने हे दोन शब्द एकमेकांत मिसळतात. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो आणि मुख्य म्हणजे तिथे संवेदना नसते. खाजत नाही, दुखत नाही, टोचलं तरी कळत नाही.

'महारोग' हा शब्द जुना. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये काम सुरू केलं, अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारलं, वरोऱ्याला बाबा आमटेंनी आनंदवन. बाबांच्या संस्थेच्या नावातच 'महारोगी सेवा समिती' आहे, तेव्हा तोच शब्द चालत होता. आज तो माणसासाठी वापरू नये, 'महारोगी' आणि 'रक्तपित्या' तर मुळीच नाही. 'कुष्ठरोग झालेला माणूस' म्हणा आणि बरा झाल्यावर तेही म्हणू नका. औषध फुकट आहे, ६ किंवा १२ महिन्यांचं आहे आणि त्याने आजार पूर्ण बरा होतो. २०१९ पासून कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारणही राहिलेलं नाही.

सिकलसेलचा 'वाहक' म्हणजे बिमार का?

नाही. सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. रिपोर्टवर एएस असेल तर वाहक, एसएस असेल तर रुग्ण. एएसवाला शेत नांगरतो, धावतो, पोलीस भरतीची तयारी करतो. पण गावात दोघांनाही "सिकल निघाला" असं एकच म्हणतात आणि धडधाकट पोरगी घरात बिमार ठरते. पूर्व विदर्भात ही गोष्ट घराघरांत आहे, म्हणून शब्द जपून वापरा. नवरा-बायको दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता एसएस बाळाची, ५० टक्के वाहकाची आणि २५ टक्के काहीच नसण्याची. "पहिलं एसएस झालं, आता पुढची तीन बरी होतील" हा हिशोब चुकीचा आहे. तपासणी लग्न ठरण्याआधी व्हावी, कॉलेजातच झाली तर उत्तम. एसएस असलेल्याचं "हाडं दुखून राह्यले" हे बहाणा म्हणून उडवून लावू नका. ते दुखणं भयंकर असतं.

लकवा आणि मिरगी?

लकवा मारला, म्हणजे अर्धांगवायू. तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं जड. रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मालिश नंतर. केव्हापासून झालं ती वेळ लक्षात ठेवा. मिरगी, फिट, फेफरं, आकडी हे सगळं एकच. कुशीवर वळवा, चप्पल-कांदा हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका.

बायका काय सांगत नाहीत आणि कसं सांगतात?

"अंगावरून जाते" म्हणजे पांढरं किंवा लाल, ते विचारावं लागतं. "अंग बाहेर येते" म्हणजे गर्भाशय खाली सरकणं. "कंबर लय दुखते" एवढंच सांगून बाई थांबली तर पुढे काही असतं. बंग दांपत्याने गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेल्या पाहणीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास आढळला. ती पाहणी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. त्यातल्या फार थोड्या बायका कधी दवाखान्यात गेल्या होत्या. हा त्रास सासू, नवरा किंवा मुलगा समोर उभा असताना बाहेर येत नाही. त्यांना बाहेर बसवणं हा उपचाराचाच भाग आहे.

"बाहेरचं हाय" म्हटलं तर काय उत्तर द्यावं?

'बाहेरचं' म्हणजे भूतबाधा किंवा करणी. झाडफूक करणारा गडचिरोलीत पुजारी, मेळघाटात भूमका. माणूस आपल्याआधी तिकडे जाऊन आलेला असतो. "तिथे काय केलं, काही पाजलं का?" हे शांतपणे विचारा. उत्तरातून औषधाची माहिती मिळते. काही ठिकाणी हे लोकच रोग्याला दवाखान्यात पाठवतात, त्यांच्याशी बोलणं ठेवा.

"मेडिकलला नेलं" म्हणजे औषधाच्या दुकानात?

दुकानही असू शकतं. पण गाडी करून नेलं असेल तर नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. 'मेयो' म्हणजे नागपूरचंच दुसरं मोठं सरकारी रुग्णालय, 'इर्विन' अमरावतीचं, 'सेवाग्राम' म्हणजे कस्तुरबा रुग्णालय. 'भरती केलं' म्हणजे दाखल केलं, 'सुटी झाली' म्हणजे घरी सोडलं, 'बॉटल लावली' म्हणजे सलाईन.

फोनवर "जरा सिरीयस आहे, येऊन जा" म्हणाले. काय समजू?

निघा. पुष्कळदा माणूस गेलेला असतो आणि लांबच्या मुलाला वाटेत धक्का बसू नये म्हणून एवढंच सांगतात. खोदून विचारू नका, गाडी स्वतः चालवू नका.

१०८ ला फोन लावल्यावर कोणते शब्द बोलावे?

तुमचेच. आधी गाव, तालुका आणि ओळखीची खूण: पारावरचं मंदिर, जिल्हा परिषदेची शाळा, पाण्याची टाकी. मग वय. मग काय होतं आणि केव्हापासून: "पान लागलं, रात्री दोनला", "जीव घाबरून राह्यला, घाम फुटला", "लेकराचं पोट उडते, दूध ओढत नाही". पलीकडच्याला शब्द कळला नाही तर दिसतं ते सांगा: शुद्धीत आहे का, श्वास कसा आहे, बोलतो का. सुरू असलेल्या गोळ्यांची पाकिटं आणि जुने कागद पिशवीत घाला. फोन चार्जिंगवरून काढून जवळ ठेवा, कारण गाडीवाला वाट विचारायला परत फोन करतो.